मोटारहोममागे ओढल्या जाणाऱ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून

सॅक्रमेंटोजवळून सकाळी निघून, इंटरस्टेट ८० महामार्गाने नेवाडाचे वाळवंट पार करत आम्ही संध्याकाळी एल्कोजवळच्या कॅम्पग्राउंडवर पोहोचलो. मोटारहोममागे, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरामागे, चारही चाकांवर ओढत आणलेली छोटी गाडी सोडवून किराणा आणायला जायचे, असा बेत होता. किल्ली फिरवली, तेव्हा स्टार्टरने नुसता टकटक आवाज केला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले. सकाळी हीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली होती. शिवाय मोटारहोमच्या इंजिनावर तिची बॅटरी चार्ज होत राहावी म्हणून एका वर्कशॉपमधून वायरही बसवून घेतलेली होती. तरीही बॅटरी उतरली कशी, हे शोधण्यासाठी दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन बसलो आणि दोष सापडला. वायर होती, पण तिच्यातून पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, पोहोचतच नव्हता.

अमेरिकेत आणि कॅनडात मोटारहोम घेऊन फिरणारी मराठी कुटुंबे आता बरीच दिसतात, आणि त्यातील अनेकांचा पहिला प्रश्न ‘कोणता चार्जर घेऊ?’ असा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. मागची गाडी ओढली जात असताना नेमके किती अँपिअर खाते आणि तिच्या बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट पोहोचतात, या दोन आकड्यांशिवाय कोणताही चार्जर घेणे म्हणजे अंदाजाने औषध घेण्यासारखे आहे. म्हणून या लेखात मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, असा क्रम ठेवला आहे.

हा लेख टो बारने, म्हणजे दोन वाहनांना जोडणाऱ्या ओढदांड्याने, चारही चाकांवर ओढल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहे. तिला तिकडे ‘टोड’ किंवा मोठ्या बोटीमागे बांधलेल्या लहान होडीवरून ‘डिंगी’ म्हणतात. संपूर्ण गाडी ट्रेलरवर चढवलेली असेल, तर किल्ली बंद ठेवता येते आणि हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

इंजिन बंद असताना बॅटरी कशामुळे उतरते

गाडी ओढली जात असताना तिची चाके फिरतात, पण इंजिन फिरत नाही. इंजिन फिरत नाही म्हणून अल्टरनेटरही फिरत नाही. बॅटरीतून जे जाते, ते भरून काढणारे गाडीत काहीच उरत नाही. जाणारी वीज मात्र तीन-चार वाटांनी जाते.

पहिली वाट म्हणजे किल्ली. अनेक गाड्यांत स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहावे म्हणून किल्ली अॅक्सेसरीवर (इंजिन बंद, पण काही वीज चालू अशा स्थितीत) ठेवावी लागते. रेडिओ बंद केला तरी त्या स्थितीत गाडीतील अनेक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जागी राहतात. माझ्या २०१२ सालच्या होंडा सीआर-व्हीमध्ये एवढ्यानेच जवळजवळ पावणेदोन अँपिअर जात होते.

दुसरी वाट म्हणजे पूरक ब्रेक. ओढल्या जाणाऱ्या गाडीला ठरावीक वजनानंतर स्वतःचे ब्रेक असावेत, असा नियम अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आणि कॅनडातील प्रांतांत आहे, आणि नियम नसता तरी ते असावेतच. ब्रेकचे पेडल दाबणारे सुटे यंत्र गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालते. त्याचा पंप किंवा मोटर क्षणभरच चालते, पण डोंगराळ रस्त्यावर ते क्षण साठत जातात. पेडल दाबले गेले की गाडीचे स्वतःचे ब्रेक दिवेही लागतात. जुन्या पद्धतीचा २१ वॅटचा एक बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे तीन बल्बांचे पाच अँपिअरच्या वर गेले. यंत्राचा दांडा जरा जास्त ताणून बसवला आणि पेडल किंचित दाबलेलेच राहिले, तर हे दिवे दिवसभर जळतात. तसे झाले तर बॅटरी तर उतरतेच, पण ब्रेक तापून जळण्याचा धोका त्याहून गंभीर असतो. त्यामुळे दांडा बसवल्यावर गाडीचे ब्रेक दिवे विझलेले आहेत ना, हे मागे जाऊन प्रत्येक वेळी पाहावे.

सगळेच ब्रेक असे वीजखाऊ नसतात. मोटारहोमच्या एअर ब्रेकमधून हवा घेऊन चालणारी प्रणाली किंवा टो बारवरील दाबाने केबल ओढणारी यांत्रिक प्रणाली बॅटरीवर फारसा भार टाकत नाही. उलट, काही विजेवरच्या ब्रेकप्रणालींमध्ये छोटा चार्जर आधीच बसवलेला असतो. आपल्याकडे कोणती आहे, हे तिच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पुढचा खर्च करू नये.

तिसरी वाट काही ठरावीक गाड्यांपुरतीच आहे. विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बंद असताना काही गाड्यांची पुढची चाके ओढताना जोराने थरथरू लागतात, आणि ते थांबवण्यासाठी स्टिअरिंगला सतत वीज द्यावी लागते. जीप चेरोकीच्या २०१४ पासूनच्या पिढीसाठी याच कारणाने खास वायरिंग हार्नेस उपलब्ध झाले. अशा गाडीला चार्जिंगची वायर ऐच्छिक राहत नाही.

शेवटी डॅशकॅम, फोनचे चार्जर, टोल ट्रान्सपाँडरशेजारी विसरलेला जीपीएस अशा किरकोळ गोष्टी. त्या काढून ठेवायला एक मिनिट लागतो.

पहिला टप्पा: गाडीचे पुस्तक

मालकाच्या पुस्तिकेत ‘रिक्रिएशनल टोइंग’ या नावाचे प्रकरण असते. ते इंटरनेटवरील कोणत्याही सल्ल्यापेक्षा, या लेखापेक्षाही, वरचे मानावे. काही गाड्यांत ठरावीक फ्यूज काढायला सांगितलेले असते, काहींत बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायला सांगितलेले असते, तर काहींत नेमके उलट, बॅटरी जोडलेलीच राहिली पाहिजे, असे असते. जीप रँग्लरसारख्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये टाकायची असते. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत अॅक्सेसरीची स्थिती काही वेळाने आपोआप बंद होते, म्हणून त्यांची पद्धत आणखी वेगळी असते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. काही पुस्तिकांत दर सहा किंवा आठ तासांनी थांबून इंजिन काही मिनिटे चालवायला सांगितलेले असते, आणि ते बॅटरीसाठी आहे असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा ते गिअरबॉक्समधील तेल पुन्हा सगळीकडे पोहोचावे म्हणून असते. सीआर-व्हीच्या २०१४ पर्यंतच्या ऑटोमॅटिक गाड्या अशा रीतीने ओढता येत होत्या, आणि त्यांत इंजिन तीन मिनिटे चालवण्याची सूचना याचसाठी होती. तीन मिनिटांत बॅटरीत जे जमा होते, ते स्टार्टरने खाल्लेले भरून काढण्यापुरतेच असते.

दुसरा टप्पा: मोजमाप

दोन साधने लागतात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि दुसरा डीसी, म्हणजे बॅटरीचा, करंट मोजू शकणारा क्लॅम्प मीटर, जो केबलभोवती चिमट्यासारखा लावतात. स्वस्तातले क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतात, त्यामुळे विकत घेताना खोक्यावर डीसी अँपिअर लिहिलेले आहे ना, हे तपासावे.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. साध्या लेड-अॅसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली आहे. १२.१ ते १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे तिला ताबडतोब चार्जिंगची गरज आहे. एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेला प्रकार) पूर्ण भरलेली असताना १२.८ च्या आसपास दाखवते. पूर्ण भरूनही सकाळी १२.४ च दाखवणारी बॅटरी मुळातच थकलेली असते. तिच्यासाठी वायर टाकण्याआधी ती बदलणेच शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर गाडी प्रवासाला जाताना असते अगदी त्याच स्थितीत आणावी. म्हणजे किल्ली तिथेच, पूरक ब्रेक जोडलेला, फ्यूज काढायचा असेल तर काढलेला. दारे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे, कारण दार उघडल्यामुळे जागी झालेली मॉड्यूल झोपी जायला तेवढा वेळ लागतो. बॉनेट आधीच उघडून ठेवलेले असावे. मग निगेटिव्ह केबलभोवती क्लॅम्प लावून आकडा वाचावा, आणि कोणाला तरी पूरक ब्रेक काही वेळा चालवायला सांगून तेव्हाचाही आकडा लिहून घ्यावा.

क्लॅम्प मीटर नसेल तर दुसरी, अधिक वेळखाऊ पण विश्वासार्ह पद्धत आहे. अंगणात गाडी त्या स्थितीत चार तास ठेवावी, मग सगळे बंद करून तासभर विश्रांती देऊन व्होल्ट मोजावेत. सकाळच्या आकड्यापेक्षा ते कितीने घसरले, यावरून पूर्ण दिवसाच्या प्रवासात काय होईल, ते कळते.

माझ्या गाडीत किल्लीचे १.८ अँपिअर आणि ब्रेकची सरासरी १.२, असे मिळून तीन अँपिअर जात होते. आठ तासांचा प्रवास म्हणजे चोवीस अँपिअर-तास. गाडीची बॅटरी सुमारे ४५ अँपिअर-तासांची. म्हणजे एका दिवसात निम्म्याहून अधिक बॅटरी रिकामी. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार इतकी खाली नेली, तर सुरू होत राहिली तरी आतून खराब होत जाते.

आपला आकडा अर्ध्या अँपिअरच्या आत असेल आणि दिवसाला पाच-सहा तासांहून जास्त प्रवास होत नसेल, तर चार्जिंगच्या वायरीची गरजच नाही. इथेच थांबावे आणि पैसे वाचवावेत.

तिसरा टप्पा: वायरीचे गणित

बहुतेकांच्या जोडणीत दोष निघतो तो याच ठिकाणी, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

माझे मोटारहोम ३४ फुटांचे, इंजिन पुढे. शॅसीच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या, बॅटरीपासून मागच्या हिचपर्यंत (टो बार अडकवायच्या जोडापर्यंत) वायर वळणे घेत सुमारे चाळीस फूट जाते. त्यापुढे मोटारहोम आणि गाडी यांना जोडणारी लवचीक केबल आणि गाडीच्या बंपरपासून बॅटरीपर्यंतचे अंतर, असे आणखी पंधरा फूट धरावे. जाण्याचे ५५ आणि परतीचे ५५ मिळून ११० फूट तांबे झाले. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. १४ गेजच्या तांब्याच्या वायरीला हजार फुटांना सुमारे २.५ ओहम विरोध असतो, तर १० गेजच्या वायरीला सुमारे १ ओहम. म्हणजे आपल्या ११० फुटांना १४ गेजमध्ये ०.२८ ओहम आणि १० गेजमध्ये ०.११ ओहम.

आता तीन अँपिअर वाहत असताना काय होते, ते पाहा. १४ गेजमध्ये सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. वर्कशॉपने माझ्या वायरीत एक सिलिकॉन डायोडही घातला होता, म्हणजे गाडीची बॅटरी मोटारहोमकडे उलट वाहू नये अशी झडप. अशा डायोडमध्ये आणखी ०.७ व्होल्ट जातात. अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असेल, तर गाडीपाशी उरतात १२.५. भरलेल्या बॅटरीचा स्वतःचाच दाब १२.६ असतो, त्यामुळे वायर जोडलेली असूनही गाडी आपल्या बॅटरीतूनच खात राहते. मीटरवर मला १२.४ दिसले. उरलेला दशांश गंजलेल्या पिनांनी खाल्ला होता. बॅटरी खाली गेल्यावर वायरीतून थोडी मदत येऊ लागते हे खरे, पण तोपर्यंत ती बरीच रिकामी झालेली असते आणि दिवसअखेर भरून निघत नाही.

तीच जोडणी १० गेजच्या वायरीने आणि डायोडशिवाय केली, तेव्हा तीन अँपिअरला फक्त ०.३ व्होल्ट गेले आणि गाडीपाशी १३.६ च्या पुढे आकडा आला. एवढ्यावर गाडीचा खर्चही भागतो आणि बॅटरी हळूहळू भरतेही. चार्जर एकही विकत घ्यावा लागला नाही. वायरीच्या जाडीवर मी इतका भर देतो, तो यासाठी.

दिव्यांच्या वायरिंगमध्ये जे डायोड असतात, त्यांचे काम वेगळे आहे आणि ते काढू नयेत. बोलणे फक्त चार्जिंगच्या वायरीबद्दल आहे.

चौथा टप्पा: प्रत्यक्ष जोडणी

सुरुवात मोटारहोमच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटपासून करावी. त्यात एक पिन बारा व्होल्टच्या पुरवठ्यासाठी राखलेली असते, पण ती प्रत्येक मोटारहोममध्ये पुढे जोडलेली असतेच असे नाही. वायरींच्या रंगांवर विसंबू नये, कारण अमेरिकेत एकाहून अधिक रंगपद्धती चालतात आणि एकीत जो रंग दिव्यांचा, तो दुसरीत वळणाच्या इंडिकेटरचा असतो. मल्टिमीटरची काळी तार ग्राउंड, म्हणजे परतीच्या वायरीच्या, पिनेला लावून, दिवे बंद ठेवून, इंजिन चालू असताना कोणत्या पिनेवर साडेतेरा-चौदा व्होल्ट कायम मिळतात, ते पाहावे. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून पुन्हा पाहावे. इंजिन बंद केल्यावर ती पिन मृत होत असेल, तर पुढचे काम सोपे आहे. त्या पिनेपर्यंत आलेली वायर किती जाड आहे, हेही खाली वाकून पाहावे. ती बारीक असेल, तर वर मांडलेले गणित तिलाही लागू आहे.

पिन जोडलेलीच नसेल, तर मोटारहोमच्या शॅसी बॅटरीपासून नवी १० गेजची वायर टाकावी. घरगुती वापराच्या, म्हणजे फ्रिज आणि दिवे चालवणाऱ्या हाऊस बॅटरीवरून ती घेऊ नये, नाहीतर कॅम्पवर मागची गाडी रात्रभर आपल्या घराची वीज पीत राहते.

डायोडशिवाय उलटा प्रवाह कसा रोखायचा, तर चार पिनांच्या साध्या रिलेने, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचने. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला शॅसी बॅटरीकडून येणारी वायर, ८७ ला मागे जाणारी वायर, ८५ ला ग्राउंड आणि ८६ ला किल्लीने चालू होणारा पुरवठा द्यावा. हा पुरवठा निवडताना एक खबरदारी घ्यावी. स्टार्टर फिरत असताना ज्याची वीज तुटते, असाच अॅक्सेसरी सर्किट तो असावा. तसे नसेल तर मोटारहोमचा स्टार्टर फिरताना मागच्या छोट्या गाडीची बॅटरीही त्याला करंट द्यायला धावते आणि फ्यूज उडतो.

फ्यूज दोन हवेत, आणि दोन्ही टोकांना हवेत. ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरीत वीज एकाच बाजूने येते, पण इथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे वायर घासून शॅसीला टेकली, तर दोन्हीकडून करंट तिथे धाव घेईल, आणि एकाच बाजूला फ्यूज असेल तर दुसऱ्या बाजूने आग लागू शकते. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात पंधरा अँपिअरचा फ्यूज किंवा आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर बसवावा. यात काटकसर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा अँपिअरहून कमी क्षमतेची पिन किंवा केबल वाटेत असेल, तर फ्यूज तिच्या क्षमतेइतकाच ठेवावा.

वायर मोटारहोमच्या खालून नेताना एक्झॉस्टपासून दूर, नालीदार प्लॅस्टिकच्या आवरणातून आणि दर फूट-दीड फुटाला बांधून न्यावी. जिथे लोखंडी पत्र्यातून आरपार जाते, तिथे छिद्राच्या कडेला रबराचा ग्रोमेट (कडे) बसवावा.

मोटारहोम आणि गाडी यांच्यामधील केबल ही साखळीतील सर्वांत कच्ची कडी असते. गाडीच्या बाजूला चार चपट्या पिनांचा जोड असेल, तर त्यात दिवे आणि ग्राउंड यांनाच जागा असते, चार्जिंगला पिन उरत नाही. सहा पिनांचा गोल जोड बसवला, तर डावा, उजवा, मागचे दिवे आणि ग्राउंड मिळून चार पिना वापरल्या जातात. उरलेल्या दोनपैकी एक चार्जिंगला आणि एक ब्रेकचा इशारा चालकाच्या डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या दिव्याला देता येते. तयार गुंडाळी केबल घेताना तिच्या आतल्या तारांची जाडी विचारावी. सगळ्या तारा बारीक असलेल्या केबल सर्रास मिळतात.

ग्राउंडला दुय्यम समजू नये. टो बारच्या सांध्यांतून परतीचा करंट जाईल, हा विचार चुकीचा आहे, कारण ते सांधे रंगवलेले, ग्रीस लावलेले आणि हलते असतात. जाण्याची वायर जेवढी जाड, तेवढीच ग्राउंडची हवी. गाडीत ती जोडताना आणखी एक बारकावा आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. ग्राउंड थेट त्या टोकाला लावले, तर सेन्सरला वगळून चार्जिंग होते आणि गाडीचा संगणक बॅटरीची स्थिती चुकीची समजतो. म्हणून ग्राउंड बॉडीवरील स्वच्छ, रंग खरवडलेल्या बोल्टला लावावे.

सगळे झाल्यावर मोटारहोमचे इंजिन चालू करून, गाडी प्रवासाच्या स्थितीत ठेवून, गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. १३.२ पेक्षा कमी दिसले, तर मीटरची एक तार मोटारहोमच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि दुसरी क्रमाक्रमाने प्रत्येक जोडाला लावत पुढे जावे. जिथे आकडा अचानक उडी मारतो, तिथला जोड दोषी. अर्ध्या तासाने प्रत्येक जोड हाताने चाचपावा. गरम लागणारा जोड उघडून पुन्हा दाबून बसवावा.

वायर पुरेशी नसेल तेव्हा डीसी ते डीसी चार्जर

काही नव्या शॅसींवर अल्टरनेटरचा दाब संगणक कमी-जास्त करतो आणि बॅटरी भरलेली दिसली की तो खाली आणतो. अशा वेळी कितीही जाड वायर टाकली, तरी मागे पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत. मागच्या गाडीत एजीएम बॅटरी असेल आणि ती नीट भरायची असेल, किंवा मोटारहोम चाळीस फुटांचे असेल, तरीही हेच. यावर उपाय म्हणजे मागच्या गाडीत, बॅटरीजवळ, डीसी ते डीसी चार्जर बसवणे. तो येणारा कमी दाब वाढवून चौदाच्या वर नेतो.

इथे मोठा चार्जर घेण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा. दाब वाढवायचा तर आत जाणारा करंट बाहेर येणाऱ्यापेक्षा जास्त लागतो. वीस अँपिअरचा चार्जर वायरीतून बावीस-चोवीस अँपिअर ओढू पाहतो, त्याने वायरीतील घट आणखी वाढते, आणि फ्यूज उडत राहतो. दिवसभराच्या तीन-चार अँपिअरच्या खर्चाला आठ-दहा अँपिअरचा चार्जर भरपूर होतो. रोडमास्टर, ब्लू ऑक्स यांसारख्या टो बार बनवणाऱ्या कंपन्यांचे चार्जिंगचे संचही मिळतात. घेताना त्यात दाब वाढवणारा खरा चार्जर आहे की फक्त वायर आणि ब्रेकर आहे, हे वाचून घ्यावे. दोन्ही उपयोगी आहेत, पण ते वेगवेगळ्या दुखण्यांवरचे उपाय आहेत.

इतर मार्गांबद्दल

पुस्तिकेची परवानगी असेल, तर बॅटरी तोडणारा स्विच हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पण गाडीच्या सॉकेटवर चालणारा पूरक ब्रेक त्या स्विचमुळे मेला, तर तो उपाय नसून अपघाताला निमंत्रण आहे. तसे असल्यास ब्रेकचा पुरवठा स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजसह घ्यावा. ठरावीक फ्यूज काढण्याची सूचना असलेल्या गाड्यांसाठी तो फ्यूज डॅशबोर्डवरील स्विचने तोडण्याची सोयही मिळते. रोज फ्यूज उपसून त्याचे पाय सैल होण्यापेक्षा ती बरी.

सौर पॅनेल अनेक जण सुचवतात. डॅशबोर्डवर ठेवलेले दहा वॅटचे पॅनेल काचेआडून भर दुपारी फार तर अर्धा अँपिअर देईल. ओढताना लागणाऱ्या तीन अँपिअरपुढे ते नगण्य आहे. मात्र अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटला हिवाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर तिचा झोपेतला खर्च दिवसाला जेमतेम एक अँपिअर-तास असतो, आणि तेवढ्यासाठी हेच पॅनेल उत्तम.

पेट्रोल भरायला थांबल्यावर गाडीचे इंजिन दहा मिनिटे चालवणे हाही प्रचलित उपाय आहे. दहा मिनिटे वीस अँपिअर गेले असे धरले, तरी हाती येतात सव्वातीन अँपिअर-तास, आणि दिवसाचा खर्च चोवीस. तीन-चार थांबे घेतले, तरी निम्मीच भरपाई होते.

प्रवासाच्या दिवशी

निघण्यापूर्वी गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट पाहण्याची सवय लावावी. ब्लूटूथचा छोटा व्होल्टमीटर बॅटरीवर बसवला, तर थांब्यावर फोनवर आकडा दिसतो आणि बॉनेट उघडावे लागत नाही. हँडब्रेक सोडलेला, गिअर पुस्तिकेप्रमाणे, पेडल मोकळे, दिव्यांचा स्विच ऑटोवर नसून बंद, हे पाहून मग केबल जोडावी आणि मोटारहोमचे इंजिन चालू झाल्यावर गाडीपाशी १३.२ च्या वर आकडा आला आहे, याची खात्री करून निघावे. पहिल्या थांब्यावर तोच आकडा पुन्हा पाहावा. तो १२.५ वर आला असेल, तर फ्यूज उडालेला आहे किंवा केबल सैल झालेली आहे, असे समजावे.

कॅम्पवर पोहोचल्यावर केबल सोडून तिचे दोन्ही तोंड झाकावेत. सहा महिन्यांतून एकदा पिनांवर संपर्क स्वच्छ करणारा स्प्रे मारून थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे दर दोन महिन्यांनी करावे, कारण खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडायला वेळ लागत नाही.

तरीही बॅटरी उतरलीच तर

लिथियमचा जंप स्टार्टर गाडीच्या आत नव्हे, मोटारहोममध्ये ठेवावा. गाडीच्या विजेच्या कुलपावर अवलंबून असलेले मागचे दार बॅटरी मेल्यावर उघडत नाही, हा अनुभव मी एल्कोला घेतला आहे. लाल चिमटा पॉझिटिव्हला आणि काळा बॅटरीपासून दूर इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावावा.

गाडी सुरू झाली म्हणून लगेच पुन्हा ओढायला जोडू नये. कॅम्पग्राउंडच्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा चार-पाच अँपिअरचा साधा चार्जर रात्रभर लावणे, हे खोल उतरलेल्या बॅटरीसाठी सर्वांत चांगले. हिवाळ्यात मात्र आधी बॅटरीकडे नीट पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नास अंश सेल्सिअसपर्यंतही गोठत नाही, पण रिकामी बॅटरी उणे सातच्या आसपास गोठू शकते, कारण तिच्यातील आम्ल पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरलेले असते. तिच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, तर तिला ना चार्जर लावावा, ना जंप. गोठलेली बॅटरी चार्ज करताना फुटू शकते.

एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी भरल्यावर सुट्या भागांच्या दुकानात नेऊन लोड टेस्ट करून घ्यावी. अनेक दुकानांत ती फुकट होते. चार-पाच वर्षे झालेली आणि वाळवंटातील उन्हाळे सोसलेली बॅटरी त्या चाचणीत बहुधा नापास होते. माझीही झाली. नवी एजीएम बॅटरी, १० गेजची वायर, एक रिले आणि दोन फ्यूज यांवर ती गाडी त्यानंतरचे तीन उन्हाळे प्रत्येक मुक्कामी पहिल्या सेल्फला सुरू झाली आहे.